धबधब्याच्या गावात टँकर कशाला?

हा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून काढा. आज जायचंय शहापूर तालुक्यात, कसाऱ्याच्या पुढे.

कसारा म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन. तिथून जीप पकडायची, खोडाळ्याच्या रस्त्याला लागायचं, की येतं विहीगाव. इथला धबधबा तुम्ही रीलवर नक्की पाहिलाय, ‘अशोका धबधबा’ या नावाने. हे नाव सम्राट अशोकावरून आलेलं नाही हां! २००१ च्या ‘अशोका’ सिनेमाचं शूटिंग इथे झालं, म्हणून ते पडलं. नाव पंचवीसेक वर्षांचं, पण खालचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा.

मी पहिल्यांदा गेलो जुलैमध्ये. भिजलो, फोटो काढले, गरम भजी खाल्ली, परत आलो. दुसऱ्यांदा गेलो एप्रिलमध्ये. तोच कडा, पण कोरडाठाक. पुढे एका पाड्यावर रस्त्याच्या कडेला निळे ड्रम रांगेत ठेवलेले, टँकरची वाट बघत. तिथे बसलेल्या एका आजींना विचारलं, “आजी, पावसाळ्यात एवढं पाणी असतं, मग जातं कुठे?”

त्या हसल्या. “तुमच्याकडंच ना बाबा. मुंबईला.”

मी मुलुंडचा. काय बोलणार?

आजींचं उत्तर अर्धं झालं. उरलेलं अर्धं दगडात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. काही थर कठीण, काही ठिसूळ. ओढा ठिसूळ थर आधी झिजवतो, वरचा कठीण थर उभा राहतो, आणि धबधबा तयार होतो. पण हाच कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. चार महिने धो धो पाऊस पडतो आणि उताराने निघून जातो. मग उन्हाळा आला की विहिरींनी तळ गाठलेला. म्हणजे ज्या दगडामुळे धबधबा आहे, त्याच दगडामुळे टँकरही येतो.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं. शेजारच्या मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढा. कल्याण बंदरातून जुन्नरला जाणारा हा सातवाहनांच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ता. वर लेणं आहे, शिलालेख आहे, आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. दगड पाणी पीत नाही ना? मग दगडातच पाणी साठवा! शहापूरच्या माहुली किल्ल्यावरही हीच युक्ती दिसते.

मग आली मोठी धरणं. मुंबई वाढली, तिची तहान वाढली. १८९२ साली तानसा धरण झालं. १९५० च्या दशकात वैतरणेवर मोडक सागर, १९८० च्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. सगळी शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या वेशीवर. आज मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांजवळून जाड जाड पाइप जातात, पण त्यांना नळ नाही.

यात कुणी एकच खलनायक आहे असं मला वाटत नाही. मुंबईलाही पाणी लागतंच. शिवाय तलावाभोवतीचं रान राखायला हवं होतं, म्हणून तानसाचं जंगल बरंचसं वाचलं. १९७० साली ते अभयारण्य झालं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला सापडलंच नव्हतं. ते १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा दिसलं, आणि २०१४ मध्ये चक्क तानसात!

पण हिशोब अजून बाकी आहे. शहापूरच्या गावपाड्यांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आखली गेली. विचार करा, घरात एवढे तलाव आणि पाणी आणायचं शेजारच्या तालुक्यातून!

तर यंदा पावसाळ्यात विहीगावला जाल, तेव्हा जपून जा. वरच्या अंगाला पाऊस झाला की ओढा मिनिटांत फुगतो. प्लास्टिक परत आणा. खाणंपिणं गावातल्यांकडूनच घ्या. आणि जमलं तर एकदा एप्रिलमध्येही जा. रील चांगलं होणार नाही, पण सकाळी नळ सोडताना ते निळे ड्रम आठवतील. मला आठवतात.

पुढच्या भागात नाणेघाटातला तो शिलालेख. तोपर्यंत ऐकत राहा!