बिनपगारी पलटण

आयुष्य कोषागारात गेलं, त्यामुळे लढाईच्या नकाशाआधी माझी नजर पगारपत्रकावर जाते. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ५४वी मॅसॅच्युसेट्स ही स्वयंसेवकांची पायदळ पलटण १८६३ मध्ये बॉस्टनजवळ उभी राहिली. शिपाई कृष्णवर्णीय, कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ गोरा, वय २५. भरतीच्या वेळी शब्द दिला होता गोऱ्या शिपायाइतक्या पगाराचा, महिना १३ डॉलर. हातावर टेकवायला काढले १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून! पलटणीने पैशाला हातच लावला नाही. फरक भरून द्यायला राज्य सरकार तयार झालं, तर तेही नको म्हणाले. माझ्या मते बरोबरच केलं. देणेकरी केंद्र सरकार होतं. इकडे घरची चूल पेटायची मारामार.

१८ जुलैला शत्रूच्या फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात सुमारे ६०० पैकी २७२ जण मेले, जखमी झाले वा हरवले. शॉ तटावरच पडला. फेब्रुवारी १८६४ मध्ये ऑलस्टीच्या लढाईतून माघार घेताना जखमींच्या गाडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा याच शिपायांनी दोर बांधून डबे ओढले.

समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला, पण त्यात मेख होती: भरतीपासूनची बाकी फक्त युद्धारंभी स्वतंत्र असलेल्यांना. नवा कर्नल हॅलोवेल याने त्यासाठी घ्यायच्या शपथेची भाषाच अशी बेतली, की आपल्या फुकट श्रमांवर तेव्हा कोणाचाही हक्क नव्हता एवढंच सांगायचं. पळून आलेले गुलामही ती बेधडक घेऊ शकले. सप्टेंबरात थकबाकी वाटली गेली.