ॲव्हरेज किती देते?

आजचा भाग आमच्या घरातल्या भांडणातून निघालाय.

गेल्या वर्षी बाबांनी माझं ऐकून एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली. माझा युक्तिवाद सोपा होता: इंजिन छोटं, म्हणजे खाणं कमी. ताकद लागली की टर्बो आहेच. जाहिरातीत आकडा अठराच्या वर होता. बाबा दर वेळी टाकी फुल करतात आणि डायरीत हिशोब लिहितात. पुणे ते कोल्हापूर, पाच माणसं, एसी चालू, डिकी गच्च, वाटेत खंबाटकी घाट: १२.४. डायरी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "इंजिनियर, हे समजावून सांग."

त्यासाठी मला थेट १९६२ मध्ये जावं लागलं. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो पेट्रोल गाडी काढली. टर्बो काय करतो? सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर पंखा फिरवतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. पण दाबलेली हवा तापते, आणि पेट्रोल नको त्या वेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. यावर कंपनीचा उपाय भन्नाट होता: पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी. जोर दिला की ते मिश्रण आत जायचं आणि थंडावा द्यायचं. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे! शेवटी कंपनीनेच बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला.

ही टाकी लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत.

आता युरोप. २००९ मध्ये कायदा झाला: २०१५ पर्यंत नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणा. मोजणार कुठे? प्रयोगशाळेत, रोलरवर, एनईडीसी नावाच्या चाचणीत. तिचा शहरी भाग १९७० च्या आसपासचा. त्यात शून्यावरून ५० चा वेग गाठायला २६ सेकंद मिळतात. माझी आत्या स्कूटीवर याहून जोरात निघते.

एवढ्या निवांत चाचणीत छोटं इंजिन जिंकणारच. मोठ्या इंजिनाचा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्या फटीतून हवा ओढण्यातच पेट्रोल वाया जातं. छोट्याला तो जास्त उघडावा लागतो, म्हणून नुकसान कमी. मग रांगच लागली. २०१० मध्ये फियाटचं दोन सिलिंडरचं ८७५ सीसी. २०१२ मध्ये फोर्डचं तीन सिलिंडरचं ९९९ सीसी, ज्याचा ब्लॉक ए-फोर कागदावर मावतो.

पण गाडी भरली, घाट लागला, की चित्र पालटतं. एरवी एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. खूप जोर पडला की धूर इतका तापतो, की टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जादा पेट्रोल सोडतो. जळण्यासाठी नाही, थंड करण्यासाठी! जेटफायरच्या त्या वेगळ्या टाकीचं काम आता तुमच्या पैशाचं पेट्रोल करतं.

आयसीसीटी या संस्थेने युरोपात कागदावरच्या आणि रस्त्यावरच्या आकड्यांतली तफावत मोजली: २००१ मध्ये सुमारे ९ टक्के, २०१५ मध्ये ४२. सगळं खापर टर्बोवर फोडू नका, हे सगळ्या प्रकारच्या गाड्यांचे आकडे आहेत. पण सप्टेंबर २०१७ पासून तिथे चाचणीच बदलायला घेतली.

आपल्याकडे छोट्या इंजिनाला आधीपासून करसवलत होती. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आली. २०१३ मध्ये इकोस्पोर्टमधून फोर्डचं तेच एक लिटर इंजिन इथे आलं. २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं, छोटी डिझेल इंजिनं एकेक करून गेली, आणि डिझेलच्या ताकदीची सवय असलेले आमच्यासारखे लोक टर्बो पेट्रोलकडे वळले. चाचणी मात्र एनईडीसीचीच धाकटी बहीण: कमाल वेग ९०, एसी बंद.

गंमत बघा, जाहिरातीत ज्या एआरएआयचं नाव असतं, तिच्या टेकडीवर आम्ही कॉलेजात असताना सूर्यास्त बघायला जायचो. वर चढताना बाइकचं ॲव्हरेज किती पडतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

परवा पहाटे बाबा आणि मी दोघंच साताऱ्याला जाऊन आलो. वेग ८०, खिडक्या बंद, एसी बंद. पंपावर टाकी फुल केली: १८.१. मी विजयी मुद्रेने बघितलं. बाबांनी आकडा लिहिला, आणि पुढे कंसात: "माणसं दोन. सामान नाही. आई घरी."