डीडीआर५ स्मृती

डीडीआर५ ही संगणकाच्या मुख्य स्मृतीची, म्हणजेच रॅमची, दुहेरी विदा-दर पद्धतीतील पाचवी पिढी आहे. जेडेक या मानक-संस्थेने तिचे मानक १४ जुलै २०२० रोजी प्रसिद्ध केले. आधीची पिढी असलेल्या डीडीआर४ चे मानक सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. डीडीआर४ च्या तुलनेत डीडीआर५ मध्ये विदा-वहनाचा वेग व स्मृतीची कमाल क्षमता वाढली असून विद्युतदाब कमी झाला आहे. मात्र या दोन पिढ्या परस्परांशी सुसंगत नाहीत.

== पार्श्वभूमी ==
आजच्या रॅममधील प्रत्येक बिट एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर यांच्या जोडीत साठवला जातो. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये कल्पिली व १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळवले. कपॅसिटरमधील विद्युतभार हळूहळू गळत असल्यामुळे तो ठरावीक अंतराने पुन्हा भरावा लागतो. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात.

घड्याळ-स्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर विदा पाठवण्याची पद्धत म्हणजे दुहेरी विदा-दर होय. तिची पहिली पिढी २००० मध्ये, दुसरी २००३ मध्ये व तिसरी २००७ मध्ये प्रमाणित झाली. पुढे एकाच प्रोसेसरमधील गाभ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि प्रत्येक गाभ्याच्या वाट्याला येणारी विदा-वहन क्षमता अपुरी पडू लागली. डीडीआर५ च्या निर्मितीमागे हे प्रमुख कारण होते.

== तुलना ==
{| class="wikitable"
! घटक !! डीडीआर४ !! डीडीआर५
|-
| मानकाचे वर्ष || २०१२ || २०२०
|-
| विद्युतदाब || १.२ व्होल्ट || १.१ व्होल्ट
|-
| प्रमाणित वेग, दशलक्ष वहने प्रति सेकंद || १६०० ते ३२०० || ३२०० ते ६४००. २०२४ पासून ८८०० पर्यंत
|-
| एका पट्टीवरील वाहिन्या || ६४ बिटांची एक || ३२ बिटांच्या दोन
|-
| सलग वहनांची संख्या || ८ || १६
|-
| एका चिपमधील बँका, कमाल || १६ || ३२
|-
| एका चिपची कमाल क्षमता || १६ गिगाबिट || ६४ गिगाबिट
|-
| विद्युतदाब नियंत्रण || मदरबोर्डवर || पट्टीवरच
|-
| डेस्कटॉपच्या पट्टीवरील पिना || २८८ || २८८
|-
| लॅपटॉपच्या पट्टीवरील पिना || २६० || २६२
|}

== रचनेतील बदल ==
प्रोसेसर मुख्य स्मृतीतून साधारणतः एका वेळी ६४ बाइट विदा मागवतो. डीडीआर४ मध्ये ६४ बिटांची वाहिनी सलग ८ वहनांत ही मागणी पूर्ण करते. डीडीआर५ मध्ये ३२ बिटांची प्रत्येक उपवाहिनी १६ वहनांत तेवढीच विदा देते. दोन्ही उपवाहिन्या स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे एकच पट्टी दोन वेगवेगळ्या मागण्या एकाच वेळी हाताळू शकते. बँकांची संख्या वाढल्यामुळे आणि एका बँकेचा रिफ्रेश चालू असताना इतर बँकांतून वाचन करण्याची सोय झाल्यामुळे प्रतीक्षेचा काळ आणखी कमी होतो.

विद्युतदाब नियंत्रित करणारी चिप आता पट्टीवर असते. त्यामुळे पुरवठा अधिक स्थिर राहतो. मात्र पट्टीच्या निर्मितीचा खर्च वाढतो.

== वेग आणि विलंब ==
वहन-क्षमता आणि विलंब या दोन वेगळ्या बाबी आहेत. ३२०० दराची डीडीआर४ पट्टी सेकंदाला कमाल २५.६ गिगाबाइट विदा वाहून नेते, तर ४८०० दराची डीडीआर५ पट्टी ३८.४ गिगाबाइट. मागणी केल्यापासून पहिली विदा मिळेपर्यंतचा विलंब मात्र त्याच प्रमाणात घटत नाही.

विक्रीच्या वेळी दिला जाणारा सीएल हा आकडा वेळ दर्शवत नाही, तर घड्याळ-स्पंदांची संख्या दर्शवतो. ३२०० दर व सीएल २२ असलेल्या डीडीआर४ चा विलंब १३.७५ नॅनोसेकंद येतो, तर ४८०० दर व सीएल ४० असलेल्या डीडीआर५ चा सुमारे १६.७ नॅनोसेकंद. ६००० दर व सीएल ३० असल्यास तो १० नॅनोसेकंद होतो, परंतु ३२०० दर व सीएल १६ असलेल्या डीडीआर४ चा विलंबही तेवढाच असतो. म्हणून लेखन, आंतरजाल-वापर यांसारख्या कामांत दोन पिढ्यांमधील फरक फारसा जाणवत नाही. मोठ्या प्रमाणावर विदा हाताळणाऱ्या कामांत तो स्पष्ट दिसतो.

== त्रुटी-सुधारणा व सुरक्षा ==
डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये १२८ बिटांमागे ८ तपासणी-बिट असतात व त्यांच्या साहाय्याने एका बिटाची चूक चिपमध्येच दुरुस्त होते. चिपमधील घटक अतिसूक्ष्म झाल्यामुळे ही व्यवस्था आवश्यक ठरली. तिच्यामुळे सर्व डीडीआर५ पट्ट्या सर्व्हरमधील त्रुटी-सुधारक स्मृतीच्या तोडीच्या होतात, हा समज चुकीचा आहे. चिप व प्रोसेसर यांच्या दरम्यान वहनात होणाऱ्या चुका ही व्यवस्था पकडत नाही. त्यासाठी अतिरिक्त चिप असलेली वेगळी पट्टीच लागते.

स्मृतीतील एकच ओळ वारंवार उघडल्यास शेजारच्या ओळींतील बिट बदलू शकतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. रोहॅमर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोषावर उपाय म्हणून एप्रिल २०२४ च्या सुधारित मानकात प्रत्येक ओळ किती वेळा उघडली हे मोजण्याची तरतूद करण्यात आली.

== सुसंगतता ==
डेस्कटॉपसाठीच्या दोन्ही पट्ट्यांवरील पिनांची संख्या सारखी असली, तरी खाचेची जागा वेगळी असल्यामुळे एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही. नाशिक जिल्ह्यातील मनमाड जंक्शनची पूर्वीची स्थिती येथे उदाहरणादाखल घेता येते. मनमाड–सिकंदराबाद मार्गाचे रुंदीकरण होण्यापूर्वी तेथे ब्रॉडगेज व मीटरगेज एकत्र येत, पण एका मार्गाचे डबे दुसऱ्यावर धावू शकत नसत. त्यामुळे माल उतरवून पुन्हा भरावा लागे. स्मृतीच्या बाबतीत तीही सोय नाही. पिढी बदलायची झाल्यास बहुधा मदरबोर्डही बदलावा लागतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेले इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारांना आधार देतात, पण मदरबोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली एएमडीची रायझन ७००० मालिका केवळ डीडीआर५ वर चालते.

== महाराष्ट्रातील उपयोग ==
पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'प्रत्यूष' (२०१८) व 'अर्का' (२०२४) आणि सी-डॅकची 'ऐरावत' (२०२३) या महासंगणकांतील मुख्य प्रोसेसर डीडीआर४ पिढीचे आहेत. हवामानाच्या गणितात वातावरणाच्या प्रत्येक चौकटीचे तापमान, दाब, आर्द्रता व वारा ही मूल्ये स्मृतीतून पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. त्यामुळे मान्सूनच्या अंदाजाचा वेग प्रोसेसरइतकाच स्मृतीवरही अवलंबून असतो.

'अर्का'मधील एएमडी एपिक प्रोसेसरच्या पिढीत डीडीआर४ च्या ८ वाहिन्या मिळून सेकंदाला कमाल २०४.८ गिगाबाइट विदा वाहते. त्यापुढील पिढीत डीडीआर५ च्या १२ वाहिन्यांची क्षमता ४६०.८ गिगाबाइट आहे. या प्रोसेसरांतील गाभ्यांची कमाल संख्या ६४ वरून ९६ झाली. तरीही प्रत्येक गाभ्याचा वाटा ३.२ वरून ४.८ गिगाबाइट झाला.

== बाजारपेठ ==
सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन हे प्रमुख उत्पादक आहेत. डीडीआर४ चे उत्पादन घटू लागल्यामुळे २०२५ च्या मध्यास काही काळ जुन्या पिढीच्या चिपचे भाव नव्या पिढीपेक्षाही वर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे त्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही प्रकार महागले. शाळा, महाविद्यालये व छोटी कार्यालये येथील जुने संगणक स्मृती वाढवून आणखी काही वर्षे वापरण्याचा मार्ग त्यामुळे खर्चिक झाला.

== हेही पाहा ==
* रॅम
* मदरबोर्ड
* महासंगणक
* प्रगत संगणन विकास केंद्र