मचाण

मचाण : झाडावर किंवा खांबांवर, जमिनीपासून उंच बांधलेली, एकदोन माणसांना बसता येईल एवढी बैठक. पिकाची राखण, श्वापदांची शिकार आणि वन्य प्राण्यांचे निरीक्षण अशा तीन कामांसाठी ती वापरात आली. ‘मंच’ या संस्कृत शब्दाच्या कुळातील हा शब्द असून माचा, माची हे त्याचेच भाऊबंद होत. शेतातील मचाणाला मराठीत बहुधा ‘माळा’ असे म्हणतात. यूल व बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हॉब्सन-जॉब्सन  या अँग्लो-इंडियन शब्दकोशात मचाणाची नोंद असून वाघावर नजर ठेवण्याची आणि शेत राखण्याची जागा, असे त्याचे दोन्ही उपयोग तेथे दिले आहेत. पुढे इंग्रजी शिकारवाङ्मयातून हा शब्द जगभर गेला. मात्र त्याच्याबरोबर गेला तो शिकाऱ्याचा अर्थ. शेतकऱ्याचा माळा मागेच राहिला. वस्तुतः जनावराच्या नाकाच्या वर आणि पिकाच्या शेंड्याच्या वर बसण्याची ही युक्ती मुळात राखणदाराची असावी व शिकाऱ्याने ती त्याच्याकडून उचलली असावी, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

झाडावर बसून हरणाची वाट पाहणारा शिकारी मराठी वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही. महाशिवरात्रीच्या कथेतील व्याध तोच होय. श्रीधरकवींच्या शिवलीलामृतात  (१७१८) दुसऱ्या अध्यायात ही कथा आली आहे. तिचा भक्तिपर आशय क्षणभर बाजूला ठेवला, तर शिकारीचा तपशील किती नेमका आहे हे लक्षात येते. शिकारी पाणवठा निवडतो, पाण्यावर झुकलेल्या झाडावर चढतो, रात्रभर जागतो आणि दृष्टीआड येणारी पाने खुडून खाली टाकतो. ती बेलाची पाने खालच्या शिवलिंगावर पडतात, ही कथेची कलाटणी. परंतु नजरेचा मार्ग मोकळा करणे हे मचाणावर बसणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काम असते. रामायणातील दशरथाची कथाही रात्रीच्या पाणवठ्याचीच आहे. तेथे मचाण नाही, पण अंधारात केवळ आवाजावरून सोडलेला बाण कोठे लागेल याची शाश्वती नसते, हा या शिकारपद्धतीचा मूळ दोष तिच्यात स्पष्ट दिसतो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास  या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. पाणवठ्याजवळ दबा धरणे, माणसाळलेले हरिण पुढे सोडून रानातल्या हरणांना भुलविणे व चित्त्याकडून शिकार करविणे हे त्यांपैकी काही. मोगल व त्यानंतरच्या संस्थानी काळातही उघड्या माळावरील काळविटासाठी चित्ता आणि दाट रानातील श्वापदासाठी हाका, अशी साधारण विभागणी राहिली. मेवाडातील राजांनी तर डोंगरउतारांवर दगडी बांधणीचे शिकारबुरूज उभारले. त्यांना ‘ओदी’ म्हणतात. ही एक प्रकारे पक्की मचाणेच होत. झाडावरचे तात्पुरते मचाण हे मात्र ज्याला आज येथे व उद्या तेथे बसावयाचे आहे त्याचे साधन होते.

मराठवाड्यात हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. त्यांपैकी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील हिंगोलीची छावणी १९०३ पर्यंत टिकली. (हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला.) या कंटिंजंटचा इतिहास लिहिणारे आर. जी. बर्टन यांनी दख्खनमधील आपल्या शिकारीच्या आठवणी १९२८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. अशा लेखनातून शिकारीचे एक शिष्टाचारशास्त्रच तयार झालेले दिसते. हरणामागे पायी, वाऱ्याच्या उलट दिशेने जाऊन त्याला गाठणे हे खरे कसब. वाघ-बिबळ्यासाठी मचाण क्षम्य. पाणवठ्यावर मचाण बांधून हरणे टिपणे मात्र हलके, असा तो संकेत होता. तो सर्वांनी पाळला असे नाही. वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा १९१२ चा कायदा आणि वनखात्याचे परवान्याचे नियम यांनी बंदीचे हंगाम व माद्यांचे संरक्षण यांची तरतूद केली, तरी अंमलबजावणी सैल होती.

याच काळाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. फासेपारधी जमिनीवर फास मांडून हरणे व पक्षी धरीत, तर चित्तेपारधी चित्ते माणसाळवीत. त्यांना मचाणाची गरज नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आरंभिलेल्या धोरणाचा फटका पारध्यांना बसला व तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून १९५२ मध्ये पुसला गेला. पोटासाठी शिकार करणारा गुन्हेगार आणि परवाना घेऊन मचाणावर बसणारा खेळाडू, ही विभागणी न्यायाची होती असे म्हणता येत नाही.

मचाणाची जागा व बांधणी यांत अनुभवाचा मोठा साठा आहे. हरिणवर्गातील चितळ, सांबर, भेकर तसेच गोकुलातील काळवीट व रोही (नीलगाय) या सर्वांचे संरक्षण नाक व कान यांवर अवलंबून असते. काळविटाची नजरही अतिशय तीक्ष्ण असते. त्यामुळे झाड पाहण्याआधी वारा पाहावा लागतो. डोंगराळ रानात दिवसा तापलेली हवा उताराने वर चढते आणि सूर्यास्तानंतर थंड हवा नाल्याने खाली वाहू लागते. म्हणून सायंकाळच्या बैठकीसाठी जनावराच्या वाटेच्या वरच्या अंगाला मचाण बांधणे ही नवख्याची चूक समजली जाते, कारण अंधार पडताच माणसाचा वास थेट वाटेवर उतरतो. उंचीने वास काहीसा वरून निघून जातो, पण तो नाहीसा होत नाही.

झाडांमध्ये साग सरळ व मजबूत असला, तरी उन्हाळ्यात त्याची पाने झडतात आणि मचाण उघडे पडते. सालईचे लाकूड ठिसूळ; पळस वेडावाकडा. आंबा, जांभूळ, वड यांची सावली दाट व फांद्या भक्कम असतात. मोहाचे झाड मार्च-एप्रिलमध्ये पर्णहीन असते, तथापि त्याची फुले खाण्यास चितळ, सांबर व अस्वलेही येतात. तेव्हा मोहावर न बसता मोह दिसेल अशा शेजारच्या झाडावर बसणे श्रेयस्कर. आडोशासाठी ताज्या तोडलेल्या फांद्या लावल्यास त्या एकदोन दिवसांत सुकतात आणि रानाच्या रंगात त्या वेगळ्या दिसतात. म्हणून मचाण काही दिवस आधी बांधून जनावरांच्या सवयीचे होऊ देत. चार ते सहा मीटर ही उंची बहुधा पुरेशी मानली जाई. त्याहून वर गेल्यास फांद्यांमुळे दृष्टी अडते आणि पडण्याचा धोका वाढतो.

सर्वांत अवघड बाब म्हणजे आवाज. नवी दोरी ताणली की करकरते. लाकडावर लाकूड घासले तरी तेच. पळसाच्या मुळांच्या वाखाने किंवा मुरलेल्या अंबाडीच्या दोराने बांधलेले मचाण गप्प राहते, हे कोरकू व गोंड वाटाडे जाणून होते. शिकारकथांत साहेबाचे नाव उरले. मचाण कोठे व कसे बांधावे हे ठरविणाऱ्या या माणसांची नावे बहुधा उरली नाहीत.

हलविता येईल असे मचाण म्हणून भारतात सर्वत्र वापरात आली ती साधी बाज. चार पाय फांद्यांच्या बेचक्यांत अडकवून ती बांधली की काम भागे. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याला मे १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावरील मचाणातूनच टिपले. याच गरजेचे आधुनिक रूप अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करण्याचा छंद वाढला. बाणाचा पल्ला वीस-तीस मीटरांचा. त्यामुळे हरणाच्या अगदी जवळ, पण त्याच्या दृष्टिपातळीच्या वर बसणे आवश्यक झाले. यातून शिडीचे, खोडावर सरकत चढणारे आणि खोडाला टांगावयाचे असे सुट्या मचाणाचे तीन प्रकार रूढ झाले. टांगते मचाण म्हणजे पाय ठेवण्याची जाळीदार फळी व घडी होणारे आसन यांची ॲल्युमिनियमची किंवा पोलादी चौकट. ती पट्ट्याने अथवा साखळीने खोडाला आवळतात व बसणाऱ्याच्या वजनानेच ती अधिक घट्ट बसते. ॲल्युमिनियमचे मचाण हलके, म्हणून दूर वाहून नेण्यास सोयीचे. पोलादी स्वस्त, पण जड. बहुतेक उत्पादक ३०० पौंडांपर्यंत (सु. १३६ किग्रॅ.) भार सांगतात. त्यात माणसाबरोबर कपडे व सामानही धरावयाचे असते. निवडताना फळीचा आकार, आसनाची उंची, सांध्यांचा आवाज आणि वाकड्या खोडावर पातळी साधण्याची सोय पाहतात. मात्र खरा प्रश्न चढउताराचा असतो. अमेरिकेत शिकाऱ्यांना होणाऱ्या इजांमध्ये मचाणावरून पडणे हे एक प्रमुख कारण आहे आणि पडझड पुष्कळदा शिडीवरून फळीवर पाय टाकतानाच होते. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत सर्वांगाला पट्टा बांधलेला असावा, हा नियम तेथे शिकविला जातो. ऊन-पावसाने पट्ट्याचे धागे कुजतात. जुने मचाण घेताना फळीपेक्षा पट्टा आधी तपासावा लागतो.

भारतात आता अशा मचाणावरून हरणाची शिकार करणे गुन्हा आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मूळ स्वरूपात परवान्याने शिकारीस वाव देत होता. तथापि त्याने पाणवठे, क्षारचाटणीच्या जागा व त्यांकडे जाणाऱ्या वाटा येथे शिकार करण्यास, तसेच कृत्रिम प्रकाशात व रात्री शिकार करण्यास मनाई केली. म्हणजे मचाणाचे वर्मच कायद्याने हेरले होते. यामागील कारण नीट समजून घेण्याजोगे आहे. एप्रिल-मेमध्ये नाले आटतात आणि मैलोगणती टापूतील जनावरे दोनचार डोहांवर येऊ लागतात. अशा जागी काही रात्री बंदूक बसली, तर सबंध टापूची हरणे संपू शकतात. शिवाय अंधारात नर-मादी ओळखू येत नाही आणि जखमी जनावर सापडत नाही. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच रद्द झाले. काळवीट अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे पिकाचे नुकसान या कारणासाठी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. मारण्याचा प्रयत्नही कायद्याने शिकारच ठरतो.

महाराष्ट्रातील अभयारण्यांत मचाण राहिले ते मोजणीसाठी. ताडोबा, मेळघाट, नागझिरा येथे वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून प्राण्यांच्या नोंदी करण्याची प्रथा पडली. शिकाऱ्याचीच जागा, शिकाऱ्याचाच हंगाम, हातात मात्र कागद-पेन्सिल. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजले जाते, हा या पद्धतीचा दोष आहे. आता वाघांच्या संख्येसाठी स्वयंचलित छायाचित्रकांचा आधार घेतला जातो व मचाणावरील रात्र मुख्यतः निसर्गानुभवाचा कार्यक्रम म्हणून उरली आहे.

मूळचा माळा मात्र अजून शेतात आहे. परभणी जिल्ह्याच्या सेलू-जिंतूर भागात, देवगाव फाट्याच्या आसपासच्या काळ्या जमिनीत, मोठी झाडे बांधावरच काय ती आढळतात. त्यामुळे येथील माळा चार मेढी रोवून उभा करावयाचा. ज्वारीचे ताट पुरुषभर उंचीच्याही वर जाई, म्हणून माळाही उंच लागे. दिवसा गोफणीने पाखरे व रात्री हाळी देऊन जनावरे हाकलीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र सोय आहे. राखणीच्या त्या बंदुकीने काही ठिकाणी मांसासाठी हरणेही पडली, हे नाकारता येत नाही. पुढे ज्वारी मागे पडून सोयाबीन व कापूस आले. सोयाबीन गुडघ्याएवढे, त्यावर नजर ठेवण्यास फार उंची लागत नाही, पण कोवळे पीक काळविटांचा कळप आणि रोही एका रात्रीत फस्त करतात व रानडुकरे उरलेले उकरतात. नुकसानभरपाईसाठी पंचनामा व्हावा लागतो. जागलीला माणूस मिळत नाही, म्हणून काहींनी कुंपणात वीज सोडली आणि तीत जनावरांबरोबर माणसेही दगावल्याच्या घटना राज्यात घडल्या. माळ्यावरच्या राखणदाराजवळ आता बॅटरी, फटाके आणि पत्र्याचा डबा असतो. कळप एका शेतातून उठतो तो शेजारच्या शेतात उतरतो आणि तिकडच्या माळ्यावरून हाळी सुरू होते.