लपवलेल्या पिस्तुलाचा इतिहास कुठे शोधायचा?

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "विषय आवडलाय, पण त्याचे पुरावेच सापडत नाहीत. विषय बदलू का?" बदलण्याआधी एक गोष्ट ऐका. माझं काम कामगार कायद्याच्या इतिहासावर आहे आणि त्यातलंच हे एक प्रकरण आहे.

मे २०११. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बेंटन टाउनशिपमधलं वॉलग्रीन्सचं औषधाचं दुकान. पहाटेची वेळ, रात्रपाळी चालू आहे. सशस्त्र दरोडेखोर आत शिरतात. काउंटरमागचा फार्मासिस्ट स्वतःजवळ लपवलेलं पिस्तूल काढतो आणि गोळ्या झाडतो. कोणालाही इजा होत नाही. पिस्तुलाचं लायसन्स रीतसर होतं. पण कामावर शस्त्र आणायचं नाही असा कंपनीचा नियम होता. आठ दिवसांनी त्याची नोकरी गेली.

तो कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं, की आधीही आपण इथे दरोडा अनुभवला होता, सुरक्षा वाढवा अशी मागणी केली होती, आणि त्यानंतरच लायसन्स काढलं. २०१४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. संविधानातला शस्त्राचा हक्क सरकारला अडवतो, खाजगी मालकाला नाही, असा त्याचा थोडक्यात अर्थ.

आपल्याला हे विचित्र वाटतं. सरकार म्हणतं 'बाळग', मालक म्हणतो 'घरी जा'. हे असं का झालं, हा खरा इतिहासाचा प्रश्न. त्यासाठी दोन धागे वेगळे काढून बघू.

पहिला धागा सरकारचा. अमेरिकेत पूर्वी सगळे मोकळेपणाने पिस्तुलं घेऊन हिंडायचे, हे चित्र सिनेमाने आपल्या डोक्यात बसवलंय. प्रत्यक्षात छुप्या शस्त्रावरची बंदी फार जुनी आहे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच तसे कायदे केले. केंटकीचा कायदा तिथल्या कोर्टाने १८२२ मध्ये रद्द केला, तर पुढे १८५० मध्ये राज्याने संविधानच बदलून घेतलं. उघड शस्त्र सभ्य माणसाचं आणि लपवलेलं शस्त्र घातकी माणसाचं, अशी त्या काळची समजूत होती. मोठा बदल झाला तो १९८७ नंतर. फ्लोरिडाने त्या वर्षी असा कायदा केला, की अर्जदार ठरलेल्या अटींत बसत असेल तर लायसन्स द्यावंच लागेल. मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली.

दुसरा धागा मालकाचा. कामगाराला कधीही, जवळपास कोणत्याही कारणाने काढता येतं, हा तिथला सर्वसाधारण नियम. होरेस वुड यांच्या १८७७ च्या ग्रंथात तो ठळकपणे मांडला गेला आणि कोर्टांनी पुढे उचलून धरला. या नियमाचा पिस्तुलाशी काही संबंध नव्हता. पण १९८७ नंतर दोन्ही धागे एकमेकांत अडकले. सरकारने दार उघडल्यावर बंदी नाहीशी झाली नाही, ती फक्त जागा बदलून कंपनीच्या नियमपुस्तिकेत जाऊन बसली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच आहे.

ओक्लाहोमात याचा भडका उडाला. ऑक्टोबर २००२ मध्ये व्हॅलियंट इथल्या वेयरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्याच्या पार्किंगमध्ये कुत्रे आणून गाड्यांची झडती घेतली गेली. शोध अमली पदार्थांचा होता, पण काही गाड्यांत बंदुका निघाल्या. कामगारांना काढलं गेलं. ते कोर्टात हरले, पण विधिमंडळात जिंकले. २००४ मध्ये राज्याने कायदा केला, की पार्किंगमधल्या कुलूपबंद गाडीत शस्त्र ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं. २००७ मध्ये खालच्या कोर्टाने कायदा अडवला, २००९ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला. पण बघा, हा कायदा गाडीपुरता. कमरेला पिस्तूल लावून आत जायचं की नाही, हे अजूनही मालकच ठरवतो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. नियम मोडून रोज पिस्तूल लपवून कामाला जाणाऱ्या माणसाची नोंद कुठे सापडेल? कुठेच नाही. लपवणं यशस्वी झालं, तर कागदच तयार होत नाही. कागद होतो तो गोळी सुटल्यावर, झडतीत पकडल्यावर किंवा नोकरी गेल्यावर. म्हणजे आपल्या हातात येतात ती सगळी फसलेल्या लपवाछपवीची उदाहरणं. त्यावरून 'सगळेच असे वागतात' किंवा 'शेवटी हे असंच होतं' असं लिहिलंत, तर तुम्ही पुराव्याच्या पुढे गेलात.

आकडेही सांभाळून वाचा. नॉर्थ कॅरोलिनातल्या कामाच्या ठिकाणांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे बंदुकीला परवानगी होती, तिथे कामगाराचा खून होण्याची शक्यता बंदी असलेल्या ठिकाणांच्या मानाने सुमारे पाच पट होती. आकडा मोठा आहे, दुर्लक्ष करण्यासारखा नाहीच. पण लगेच स्वतःला विचारा: परवानगीमुळे धोका वाढला, की आधीच धोका असलेल्या ठिकाणी मालकांनी परवानगी दिली? अभ्यासकांनी इतर घटक हिशेबात घेतले, तरी असा प्रश्न पूर्ण संपत नाही. दोन्ही बाजूंचे लोक हा आकडा आपापल्या सोयीने वापरतात किंवा टाळतात. तुम्ही तसं करू नका.

आणि कोर्टाचे कागद वाचताना लक्षात ठेवा, की फार्मासिस्टची आधीची हकिकत आपल्याला त्याच्या दाव्यातून कळते. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण 'त्याने असं सांगितलं' आणि 'असं घडलं' या दोन वाक्यांतलं अंतर प्रबंधात दिसलंच पाहिजे.

तरीही त्या कागदांच्या आड एक माणूस आहे हे विसरू नका. रात्रपाळीला काउंटरमागे उभा असलेला, जीव वाचवायचा की नोकरी, असा हिशेब करणारा. आणि त्याच्या शेजारी काम करणारी दुसरीही माणसं आहेत, ज्यांना शेजाऱ्याच्या खिशात काय आहे हे माहीतच नसतं. त्यांच्या भीतीचा तर एकही कागद नाही. संशोधक म्हणून दोघांचीही बाजू मांडायची, तर ही पोकळी आधी मान्य करावी लागते.

त्या विद्यार्थिनीला मी एवढंच म्हटलं, की विषय बदलू नकोस, प्रश्न बदल. 'किती जण लपवत होते?' याचं उत्तर मिळणार नाही. 'लपवलेलं कधी, कोणामुळे आणि कोणत्या कागदावर उघड झालं?' याचं मिळेल. तुमच्याही विषयात पुरावा नसेल, तर तो का नाही हे एका पानावर लिहून काढा. पुष्कळदा पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.