गाजर गवत आणि त्वचेची ॲलर्जी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. एखाद्या पदार्थाशी पूर्वी संबंध आल्याने शरीराची प्रतिक्रियाक्षमता बदलते, हा त्यामागील विचार होय. मराठीत त्यास ‘अधिहर्षता’ असा पारिभाषिक शब्द आहे. महाराष्ट्रातील अनेक शेतमजुरांना मात्र या विकाराची ओळख परिभाषेतून नव्हे, तर गाजर गवतातून झाली.

मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५५ मध्ये पुण्यात आढळली व आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. पी. एल. ४८० योजनेच्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्या योजनेखाली भारताशी करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत आढळल्यानंतर. १९५१ च्या कर्जाऊ मदतीतून अमेरिकन धान्य त्याआधीही येत होते. तेव्हा धान्याचा मार्ग संभवतो. योजनेचे नाव मात्र कालक्रमात बसत नाही. ‘काँग्रेस गवत’ या लोकनामाने त्या समजुतीस बळच दिले असावे.

या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचादाहास मुख्यतः कारणीभूत ठरते. पहिल्या स्पर्शाने सहसा काही होत नाही. वारंवार संपर्क आल्यावर शरीरातील टी-पेशी त्या द्रव्यास ओळखू लागतात आणि पुढे प्रत्येक संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी खाज, लाली व पुरळ उमटते. वर्षानुवर्षे ज्या गवतात वावर झाला त्याचाच संशय रुग्णास येत नाही, तो यामुळे. वाळलेल्या गवताची धूळ उडून पापण्या, मान व कोपराच्या खळग्यांत बसते. पाठीवर पट्टी चिकटवून सुमारे ४८ तासांनी केलेल्या तपासणीत कारण स्पष्ट होते.

उपचारात स्टेरॉइड मलमे वापरतात. तीव्र विकारात ॲझाथायोप्रिन देतात, मात्र त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी आवश्यक असते. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे संपर्क टाळणे. हा सल्ला नोकरदारास पाळता येतो. ज्याची रोजची मजुरीच निंदणी-खुरपणीवर अवलंबून आहे, त्याने तो कसा पाळावा? पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे व कामानंतर त्वचा धुणे, एवढेच त्याच्या हाती उरते. त्यामुळे येथे रोगाचे व्यवस्थापन दवाखान्याइतकेच बांधावरही करावे लागते. १९८४ मध्ये बंगळूर येथे मेक्सिकोतील भुंगा या गवतावर सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, कोरड्या ऋतूत मात्र जमिनीत सुप्त राहतो. आणि ओल मिळेल तेथे गवत त्या काळातही उगवत असते.