वस्ती आणि दंतारोग्य

ज्याचे दात किडले त्याने ते नीट घासले नाहीत, असा निवाडा देऊन समाज मोकळा होतो. दातांची निगा हा ज्याच्या त्याच्या शिस्तीचा प्रश्न आहे, हे खरे; परंतु ते निम्मेच खरे. चूळ भरावयास पाणी कोठून येते, गल्लीच्या तोंडाशी कोणते दुकान आहे आणि दाढ ठणकू लागली म्हणजे जावयाचे कोठे, या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी मनुष्याच्या वस्तीवर अवलंबून असतात. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

इ. स. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी या खेड्याच्या जागी निजामशाहीचे राजनगर वसविले. जमीन खडकाळ आणि खाम नदी लहान, तेव्हा एवढ्या मोठ्या वस्तीस पाणी पुरावे कसे? अंबराने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालील नहरीत एकत्र केले आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणले. १६२६ मध्ये तो निवर्तला. नहर मात्र पुढे शतकानुशतके वाहत राहिली. शहर वाढले ते पुऱ्यापुऱ्यांनी. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा ही नावे मराठे सरदारांची. पुढे मोगलाईत जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही रजपूत सरदारांची नावे आली. नहरीचा हौद ज्याच्या दाराशी त्याला पाण्याची चिंता नसे. इतरांना आड किंवा भिस्त्याची पखाल हाच आधार.

तरीही त्या काळी श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुखात आजच्याइतके अंतर असण्याचे कारण नव्हते. निंबाची वा बाभळीची काडी, मीठ आणि कोळशाची पूड ही साधने दोघांनाही सारखीच होती. दातांची मुख्य वैरीण जी साखर, ती तर सामान्यांच्या घरी दुर्मिळच असे. याच सुमारास दक्षिणेत दुसरा शत्रू येऊन पोहोचला होता. अकबराचा वकील असदबेग हा १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी नेलेल्या नव्या वस्तूंत तंबाखू होती. पुढे हीच तंबाखू भाजून व कुटून तिची मिश्री झाली आणि दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली घरोघर, विशेषतः कष्टकरी स्त्रियांत, रूढ झाली. मिश्रीने भूक मरते, ठणका क्षणभर थांबतो, पण हिरड्या खंगतात आणि कर्करोगाला वाट मिळते. नंतर गुटख्याच्या पुड्या आल्या. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील दर चार प्रौढांपैकी सुमारे एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करताना आढळला. जेथे टपरी दाराशी आणि दंतवैद्य दूर, तेथे उपदेशाचे बळ कितीसे चालणार?

दंतवैद्यकाचे शिक्षण भारतात उशिरा आले. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. तोवर दात उपटावयाचा तो न्हाव्याने, वैदूने किंवा रस्त्यावर पथारी मांडून बसणाऱ्याने. औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आणि शासकीय दंतमहाविद्यालय १९८२ मध्ये निघाले. गरिबाला तेथे अल्प खर्चात उपचार मिळू लागले, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु दात वाचवावयाचा तर अनेकदा दोन-चार खेपा घालाव्या लागतात आणि रोजंदारीच्या माणसाला प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. दात उपटणे एका खेपेत होते. म्हणून सुखवस्तू वस्तीत जो दात भरून घेतला जातो, तोच दात कामगारवस्तीत गमावला जातो.

पाण्याचा प्रश्नही मिटला नाही. चिकलठाणा व वाळूज येथे कारखाने आले, शहर पसरले आणि नहरींची जागा जायकवाडीच्या पाण्याने घेतली. ते धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. तेथून, म्हणजे पैठणजवळून, सुमारे ५० किलोमीटर अंतर ओलांडून पाणी येते. पण गेली अनेक वर्षे नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येत आले. गच्चीवर टाकी असलेल्या घरास त्याची झळ कमी. पिंपात पाणी साठविणाऱ्या घरात पहिली काटकसर चूळ भरण्याच्या पाण्यात होते. जेथे नळच नाही तेथे विंधनविहीर. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांत अशा पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडने मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडले आहेत. हेच द्रव्य अल्प प्रमाणात दातांचे रक्षण करते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक झाले म्हणजे ते घातक ठरते. त्या मुलांच्या शिस्तीचा येथे काय दोष?

स्कॉटलंडने या प्रश्नाला वस्तीच्या बाजूने हात घातला. तेथे शिशुशाळांतून मुलांकडून रोज देखरेखीखाली दात घासून घेतले जातात आणि दरिद्री वस्त्यांतील प्राथमिक शाळांकडे अधिक लक्ष पुरविले जाते. त्यानंतर लहान मुलांतील दंतकीड पुष्कळ घटली. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, शाळांतून माध्यान्ह भोजन आहे. त्या जेवणानंतर प्रत्येक मुलाच्या हाती एक ब्रश आणि शाळेच्या नळाला नित्य पाणी, एवढी व्यवस्था अशक्य नाही. चारशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने डोंगरातले पाणी चौकापर्यंत आणले. ते प्रत्येक शाळेच्या नळापर्यंत नेण्याचे काम आजच्या नगराचे आहे.